दोष जमिनीचा नव्हे, वेगाचा

लहान विमान माळरानावर उतरताना अपघात झाला की निदान तयारच असते. इंजिन बंद पडले तेव्हाच सगळे संपले होते, उरलीसुरली आशा खडकाळ जमिनीने घालवली; सपाट जागा मिळती तर माणसे वाचली असती. हा पूर्वपक्ष सहज पटतो, आणि म्हणूनच तो खोडून काढणे मला निकडीचे वाटते.

इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही. सेसना १७२ तीन हजार फुटांवरून, वारा नसताना, सुमारे आठ किलोमीटर तरंगत जाते. टेकताना हिशेब असतो तो वेगाचा, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. गुरुत्वाच्या नऊपट झटका सोसून थांबायचे, तर ताशी ८० किलोमीटरला तीन मीटरही लागत नाहीत; १६० किलोमीटरला अकराहून अधिक लागतात. खांद्यावरून पट्टा बांधलेला असेल तर एवढा क्षणिक झटका माणूस सोसू शकतो. आणि ते तीन मीटर झुडपे, उभे पीक, चुरगळणारे पंखही मिळवून देतात. विमान मोडले तरी चालेल, केबिन शाबूत राहिली पाहिजे. अमेरिकी नियमांनी एक-इंजिनी लहान विमानांचा उतरतानाचा स्टॉल वेग (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो) ६१ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटरवर, बांधला. त्याहून जास्त हवा असेल तर आघात सोसण्याची जादा क्षमता सिद्ध करावी लागे. धावपट्टीबाहेर उतरावे लागणार, हे नियमकर्त्यांनी गृहीतच धरले होते.

जुलै २०२२ मध्ये बारामतीहून एकटीने उडालेल्या शिकाऊ महिला वैमानिकाचे सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडले. विमान मोडले, वैमानिक वाचली.

कड्यावर सरळ आदळल्यास गणित उपयोगी पडत नाही, हे मान्य. सह्याद्रीत तसे कडे भरपूर आहेत. पण कड्याचे उदाहरण देऊन सगळ्याच खडबडीत जमिनीला मृत्यू ठरवले, की वैमानिक पलीकडच्या बऱ्या शेताच्या आशेने नाक वर ओढतो, किंवा उंची नसताना धावपट्टीकडे वळतो. वेग घटतो, पंख हवा सोडतो आणि विमान नाकावर येते. पंखांवर ताबा ठेवून समोरच्या वाईट जमिनीवर, वाऱ्याच्या तोंडी, शक्य तितक्या मंद वेगाने टेकणारा त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा वाचतो. चौकशी अहवालात जमिनीच्या वर्णनाआधी मी टेकतानाचा वेग शोधतो, तो यासाठीच.