ग्रहण, राहू आणि अल्-बिरुनी

ग्रहण आले की दोन गटांत वाद ठरलेलाच. एक म्हणतो, पूर्वजांचे सगळे विधी विज्ञानावरच उभे होते. दुसरा म्हणतो, ती निव्वळ अंधश्रद्धा. इतिहास पाहिला तर मला दोन्ही दावे अपुरे वाटतात.

इ.स. 499 च्या 'आर्यभटीया'त आर्यभटाने सांगितले की सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. पुढच्या शतकात वराहमिहिरानेही राहू हे कारण नाकारले. मात्र 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने अशा मतांवर टीका केली. राहू नाकारणे म्हणजे वेद आणि स्मृती नाकारणे, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की त्याचे स्वतःचे ग्रहणगणित सावलीवरच चालते!

सुमारे चारशे वर्षांनी अल्-बिरुनीने ही विसंगती नेमकी हेरली. संस्कृत शिकून त्याने 1030 च्या सुमारास 'किताब-उल-हिंद' लिहिले. ब्रह्मगुप्ताची थोरवी त्याला मान्य होती. म्हणूनच एवढा विद्वान असे का लिहितो, हा प्रश्न त्याला पडला. सॉक्रेटिससारखी वेळ येण्याची भीती असावी, असा त्याचा तर्क. ग्रहणाच्या कारणाबद्दल पंडितांना अज्ञानी ठरवणे त्यामुळे अवघड आहे.

दुसरी बाजूही आहे. ग्रहणातले स्नान, दान, जप वेळेवर व्हायचे तर स्पर्श आणि मोक्षाची वेळ अचूक हवी. ती गरज गणिताने भागवली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या 'ग्रहलाघवा'त ज्या-कोज्येचा खटाटोप टाळून सोप्या रीती दिल्या. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके त्यांवर चालली. विधीने विज्ञानाला काम दिले, हे खरे. पण तेवढ्याने विधी विज्ञान ठरत नाही. स्पर्शाची वेळ अचूक निघाली म्हणून ग्रहणात शिजवलेले अन्न दूषित होते हे सिद्ध होत नाही.

हे मी हिंदूंनाच सुनावत नाही. पैगंबरांचा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी त्याचा संबंध मृत्यूशी जोडला. पैगंबरांनी तो स्पष्ट नाकारला, तरी ग्रहणाची नमाज पढली. प्रार्थना राहिली, खोटे कारण गेले. आमच्याकडेही आज नमाजाच्या वेळा गणिताने छापलेल्या तक्त्यावरून पाळतात, पण ईदच्या चंद्राला तेच गणित लावायचे म्हटले की वाद पेटतो.

श्रद्धा पाळणाऱ्याने ती श्रद्धा म्हणून पाळावी, तिला प्रयोगशाळेचा दाखला जोडू नये. आर्यभटाचा मान त्यातच आहे.