तिबरसा

* तिबरसा : उंटांच्या एका रोगासाठी राजस्थानातील उंटपाळांचा शब्द, अर्थ ‘तीन वर्षांचा’. पशुवैद्यकात या रोगाला ‘सर्रा’ म्हणतात. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा एकपेशीय परजीवी उंटाच्या रक्तात वाढतो. पावसाळ्यात माजणाऱ्या, कडकडून चावणाऱ्या गोमाश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात पोचवतात. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान भागात घोडे व उंट यांच्या रक्तात तो प्रथम पाहिला.

ताप येतो-जातो, वशिंड ओसरते, मांड्या सुकतात, सांडणी गाभडते. चरणारे जनावरही दिवसेंदिवस झिजत जाते. हे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळते, म्हणून हे नाव. राईका जमातीचे जाणते उंटपाळ मुताने भिजलेली वाळू मुठीत घेऊन हुंगतात आणि वासावरून रोग ओळखतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले हे ज्ञान वाचकाने अंधश्रद्धा समजून ओलांडू नये. उपचारासाठी क्विनापायरामीन टोचतात. गुरांना चालणारे डिमिनाझीन मात्र उंटाला बाधू शकते.

उंटांचा दुसरा रोग ‘खाज’, म्हणजे खरूज. त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे ती होते. केस झडतात, कातडी जाड होऊन भेगाळते, आणि उंटाला हाताळणाऱ्या माणसालाही ती लागते.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते. २०१९ मध्ये अडीच लाखच उरले. अशा वेळी वेळेवर वाचवलेला प्रत्येक उंट मोलाचा आहे. – संपा.