रिगिंग साधने (मंचीय कार्यक्रम)

संगीत मैफली, नाटके, सर्कशी व जाहीर समारंभ यांत दिवे, ध्वनिक्षेपक, पडदे, मोठे दृश्यपट आणि प्रसंगी कलाकारही छतापासून किंवा उभारलेल्या सांगाड्यापासून टांगले जातात. या टांगणीच्या कामास रिगिंग म्हणतात आणि त्यासाठी लागणाऱ्या जोडसाधनांना रिगिंग साधने अशी संज्ञा आहे. शॅकल, कॅराबिनर, आय बोल्ट, टर्नबकल, पोलादी तारदोर, पॉलिस्टरची गोल स्लिंग व साखळी ही त्यांतील प्रमुख साधने होत. कारखान्यात उचललेल्या भाराखाली उभे राहण्यास मनाई असते. मंचावर मात्र कलाकार व प्रेक्षक तासन्‌तास त्याच भाराखाली असतात. त्यामुळे या साधनांचा योग्य वापर व नियमित तपासणी यांना येथे विशेष महत्त्व आहे.

रिगिंग हा शब्द मूळचा शिडाच्या जहाजांवरील दोर, डोलकाठ्या व शिडे यांच्या व्यवस्थेचा वाचक असून नाट्यगृहांनी तो नौकानयनाकडून घेतला.

कार्यभार मर्यादा

प्रत्येक साधनाची कार्यभार मर्यादा निर्माता ठरवतो आणि ती साधनावर कोरलेली किंवा पट्टीवर छापलेली असते. साधन ज्या भाराला तुटते तो भंगभार याहून बराच अधिक असतो. या दोहोंच्या गुणोत्तरास सुरक्षा गुणांक म्हणतात. उदाहरणार्थ, २ टन मर्यादेच्या शॅकलचा सुरक्षा गुणांक ६ असेल, तर त्याचा भंगभार किमान १२ टन असतो. मधले १० टन ही वापरावयाची शिल्लक नव्हे. झीज, हादरे व हॉइस्ट सुरू होताना किंवा थांबताना बसणारे झटके यांसाठी ती राखून ठेवलेली असते. जर्मनीत माणसांच्या डोक्यावर टांगलेल्या भारासाठी नेहमीच्या दुप्पट गुणांक धरण्याची पद्धत आहे.

भाराची दिशा व विभागणी

साधन किती भार पेलते हे भाराच्या दिशेवरही अवलंबून असते. १,००० किलो भार दोन स्लिंगांनी उचलला आणि त्या क्षितिजाशी ६० अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येकीवर सुमारे ५७७ किलो ताण येतो. कोन ४५ अंश असता हा ताण ७०७ किलो, तर ३० अंश असता १,००० किलो होतो. म्हणजे स्लिंगा जितक्या आडव्या, तितका त्यांतील ताण अधिक.

शॅकलवर भार त्याच्या सरळ रेषेत यावा. तो ४५ अंशांनी बाजूला वळल्यास मर्यादा ३० टक्क्यांनी, तर ९० अंशांनी वळल्यास ५० टक्क्यांनी कमी धरतात. खांदा नसलेला आय बोल्ट केवळ सरळ ओढीसाठी असतो. तिरप्या ओढीने तो वाकतो.

भार तीन आधारांवर टांगला म्हणजे तीन समान वाटे होतात, हा समज चुकीचा आहे. सलग व ताठ ट्रसवर १,००० किलो भार समान पसरलेला असून तीन आधार समान अंतरावर व एकाच पातळीत असतील, तर मधल्या आधारावर ६२५ किलो आणि कडेच्या प्रत्येक आधारावर सुमारे १८८ किलो भार येतो.

उल्लेखनीय अपघात

४ मे २०१४ रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली सर्कशीच्या प्रयोगात केसांनी लोंबकळून कसरत करणाऱ्या आठ महिला कलाकार टांगणीचा सांगाडा निसटल्याने खाली कोसळल्या. त्या व जमिनीवरील आणखी एक कलाकार जखमी झाल्या. सांगाडा पेलणारा कॅराबिनर तुटला होता. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाच्या चौकशीत असे आढळले, की दोनच दिशांनी भार घेण्यासाठी बनवलेल्या त्या कॅराबिनरवर तीन दिशांनी भार दिला गेला होता. निर्मात्याच्या सूचना पाळल्या नाहीत, असा ठपका ठेवून सर्कशीच्या मालक कंपनीस ७,००० डॉलर दंड करण्यात आला.

२८ जुलै २०२२ रोजी हाँगकाँग कॉलिझियममध्ये मिरर या गायकसमूहाच्या मैफलीत टांगलेला दृश्यपट नर्तकांवर कोसळला आणि एक नर्तक अत्यवस्थ झाला. तारदोर धातुशैथिल्यामुळे तुटल्याचे, तसेच टांगलेल्या सामग्रीचे खरे वजन कागदोपत्री दाखवलेल्या वजनापेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले.

तपासणी

तपासणीचे साधारणतः तीन स्तर मानले जातात : साधन स्वीकारताना, प्रत्येक वापरापूर्वी आणि ठरावीक काळाने सक्षम व्यक्तीकडून. पुढील स्थितीत साधन वापरातून काढून टाकतात.

• शॅकल : अंग किंवा पिन मूळ मापाच्या १० टक्के झिजलेली असणे, वाक, तडा, किंवा मर्यादेचा आकडा वाचता न येणे. पिनेऐवजी साधा बोल्ट घालण्यास मनाई आहे.
• तारदोराची स्लिंग : एका पिळाच्या लांबीत विखुरलेल्या १० किंवा एकाच पेडात ५ तारा तुटलेल्या असणे, गाठ पडल्यासारखा मुरडा, गंज किंवा उष्णतेच्या खुणा.
• पॉलिस्टर स्लिंग : आवरण फाटून आतील धागे दिसणे, वितळल्याच्या खुणा, माहितीपट्टी नसणे. पॉलिस्टर सुमारे ९० अंश सेल्सियसपर्यंतच सुरक्षित मानतात, म्हणून तप्त दिव्यांजवळ ती टाळतात किंवा पोलादी दोराचा पर्यायी आधार देतात.
• कॅराबिनर व हूक : झडप आपोआप न मिटणे, तोंड फाकणे, पीळ पडणे.

तारदोराला क्लिप लावताना तिची खोगीरसारखी बैठक भार घेणाऱ्या बाजूवर आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर ठेवतात. उलट लावल्यास बोल्ट भार घेणाऱ्या दोरालाच चिरडतो. संशयास्पद साधन केवळ बाजूला ठेवणे पुरेसे नसते. घाईत ते पुन्हा उचलले जाण्याचा संभव असल्यामुळे ते कापून निकामी करतात.

कायदे

ब्रिटनमध्ये १९९८ च्या उचल साधनांविषयीच्या नियमांनुसार उचलण्याच्या जोडसाधनांची, तसेच माणसे उचलणाऱ्या उपकरणांची दर ६ महिन्यांनी व इतर उचल यंत्रांची दर १२ महिन्यांनी सखोल तपासणी करावी लागते. तज्ज्ञाने स्वतंत्र तपासणी योजना आखल्यास हा अवधी बदलू शकतो. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ मध्ये उचल यंत्रे, साखळ्या व दोर यांची किमान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याची तरतूद करण्यात आली. ही तरतूद कारखान्यांपुरती होती.

हेही पहा

ट्रस • तारदोर • सुरक्षा गुणांक • धातुशैथिल्य