वऱ्हाडातील मक्ता व निविदा पद्धती

सार्वजनिक सत्तेने आपला एखादा हक्क, काम वा पुरवठा चढाओढीच्या बोलीने खाजगी व्यक्तीच्या हाती देण्याच्या, अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांत रूढ असलेल्या प्रथा. यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात शासन काही विकते व सर्वांत चढी बोली स्वीकारते. यास मक्ता, इजारा किंवा लिलाव म्हणतात. वऱ्हाडी बोलीत त्याला ‘हर्रास’ हा शब्द आहे. दुसऱ्यात शासन काही विकत घेते व सर्वांत कमी दर स्वीकारते. ही निविदा पद्धती होय. वऱ्हाडचा इतिहास पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे आला. मात्र बोलीची किंमत अखेर कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न दोन्ही काळांत तोच राहिला.

१८०३ मध्ये अडगावची लढाई व गाविलगडाचा पाडाव झाल्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातील अंमल आटोपला व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे आला. तत्पूर्वी येथे दुअमली होती. दोन सत्ता एकाच रयतेकडून वसूल घेत. ती संपली तरी रयतेचा भार हलका झाला नाही, कारण हैदराबादच्या दरबाराने परगणेच्या परगणे मक्त्याने देण्याचा मार्ग धरला. जो अधिक रक्कम कबूल करी आणि आगाऊ भरी, त्याला वसुलाचा अधिकार मिळे. नवा सावकार चढी बोली घेऊन आला की आधीचा करार मोडण्यास दरबाराला संकोच वाटत नसे. मक्तेदाराला आपली मुदत किती टिकेल याची शाश्वती नव्हती. त्यामुळे विहीर, बांध वा पडीत जमीन यांवर खर्च करण्यापेक्षा हाती आहे त्या हंगामात जमेल तितके काढून घेणे, हेच त्याच्या हिताचे ठरले. पिढीजाद देशमुख, देशपांडे व गावचे पाटील या साखळीत मधल्या कडीसारखे अडकले. काही बाजूला सारले गेले, काही स्वतःच पोटमक्तेदार झाले.

या व्यवहारामागे दरबाराची कर्जे होती. हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने निजाम सरकारला जबर व्याजाने पैसे दिले व त्या पोटी महसूल लावून घेतला. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याच्या विरोधानंतर ही पेढी बुडाली. पुढे हैदराबादचा सावकार पूरनमल याच्याकडे वऱ्हाडचा बराचसा भाग मक्त्याने होता. १८३९ मध्ये त्याला दूर करून पेस्तनजी आणि कंपनी या पारशी व्यापाऱ्यांना पुढे आणण्यात आले. हे व्यापारी इतर मक्तेदारांहून वेगळे होते. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईस त्यांनीच नेला. कापूस पिकविणाऱ्यांना त्यांनी सढळ उचल दिली आणि खामगाव व इतर ठिकाणी रुई दाबण्याचे पेच उभारले. १८४१ मध्ये दिवाण चंदूलाल याने कर्जफेडीसाठी वऱ्हाडचा महसूल त्यांना लावून दिला. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाला आणि थोड्याच काळात पेस्तनजींनाही आपले परगणे सोडावे लागले. दिवाणाचा शब्द दिवाणाबरोबरच गेला. करार व्यक्तीशी नव्हे तर पदाशी व्हावा, ही पुढील काळातील लेखी अटींमागची भूमिका या अनुभवाशेजारी ठेवून पाहिल्यास अधिक नीट समजते.

२१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली आणि जमीनमहसुलाचा मक्ता हद्दपार झाला. ‘इजारा’ हा शब्द मात्र मागे उरला. १८६५ च्या नियमांनुसार मुख्यतः वणी (आताचा यवतमाळ) भागातील ओसाड गावे लागवडीसाठी इजाऱ्याने देण्यात आली. तेथील काही गावांच्या नावांना तो शब्द आजही चिकटलेला आहे. याखेरीज लिलाव लहानसहान उत्पन्नापुरता राहिला. दारूच्या दुकानांचे परवाने, नदीवरील उतार, आठवडी बाजार व कोंडवाडा यांची वसुली वार्षिक बोलीने दिली जाई. बोली गावात दवंडी पिटून होई. गावातील बड्या असामीसमोर बोली चढविण्यास किती जण धजत असतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

ग्रामीण भागासाठी १८८५ च्या कायद्याने जिल्हा व तालुका मंडळे आली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या मुख्य आयुक्ताच्या कारभाराखाली गेले. १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने जिल्हा मंडळांच्या जागी तालुका पातळीवरील जनपद सभा स्थापिल्या. त्या १९६२ पर्यंत टिकल्या.

सध्याची चौकट १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासूनची आहे. ज्यांच्या समितीच्या अहवालावर ती उभी आहे, ते वसंतराव नाईक पुसदचे, म्हणजे वऱ्हाडचेच. खरेदी व बांधकामांचे नियमन १९६८ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या लेखा संहितेने होते. अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, जाहिरात, बयाणा रक्कम, मोहोरबंद लिफाफे ठरल्या वेळी सर्वांसमक्ष उघडणे, दरांचा तुलनात्मक तक्ता, सक्षम समितीची मंजुरी, करारनामा व कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. लहान खरेदी दरपत्रके मागवून होते. स्थानिक निधी लेखापरीक्षा व विधिमंडळाची पंचायती राज समिती नंतर तपासणी करतात.

क्रम निर्दोष असला, तरी दोष क्रमाबाहेर शिरतात. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडणे, एकाच हाताची तीन दरपत्रके, विशिष्ट उत्पादकालाच लागू पडेल असे वस्तूचे वर्णन आणि मार्चअखेरीची घाई हे लेखापरीक्षणातील नेहमीचे आक्षेप आहेत. अंदाजपत्रकाहून फारच कमी दराने घेतलेल्या रस्त्याची तूट खडीच्या थरातून भरून काढली जाते. ती दिसते ती पहिल्या पावसाळ्यानंतर. लहान कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्था व सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, परंतु संस्थेचे नाव एकाचे व काम दुसऱ्याचे, असे प्रकार तेथेही आढळतात.

बोलीचे प्रश्न सर्वाधिक तीव्र झाले ते पोषण आहाराच्या पुरवठ्यात. १९९३ पासून बालमृत्यूंमुळे मेळघाटचे, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांचे, नाव देशभर झाले. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, तो गावसमाज, महिला मंडळे व बचत गटांकडून घ्यावा, असा आदेश दिला. तरीही २०१६ च्या राज्य पातळीवरील निविदेत पात्रतेच्या अटी अशा घातल्या गेल्या, की लहान बचत गटांना त्यात उतरताच येईना. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द ठरविली. कमी दराचा निकष तोच असला, तरी कोणाला बोली लावू द्यायची हे अटी ठरवितात, हे या प्रकरणात स्पष्ट दिसले. २०१५ मध्ये आदिवासी भागांत सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत उलट मार्ग घेतला गेला. गरोदर व स्तनदा मातांच्या जेवणाचे साहित्य गावातील आहार समितीने जवळच्या बाजारातून घ्यायचे, अशी तिची रचना आहे. ठोक दराचा लाभ यात मिळत नाही. परंतु पावसाळ्यात वाट तुटलेल्या कोरकू वस्तीत दूरच्या पुरवठादाराचा स्वस्त दर काय कामाचा?

गेल्या काही वर्षांत निविदा संगणकावर आल्या. त्यामुळे लिफाफा घेऊन येणाऱ्याला कार्यालयाच्या दारातच अडविणे अशक्य झाले; आपसांत दर ठरविणे मात्र थांबले असे नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्य शासनाने कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका लागू केली. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये व अकोल्याची २०२५ मध्ये संपून दोन्ही प्रशासकांकडे गेल्या. तेव्हा समितीने करावयाची मंजुरी प्रस्ताव सादर करणाऱ्या यंत्रणेच्याच प्रमुखाकडे आली.

याच सुमारास, ५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने, व्यक्तिगत लाभाच्या योजनांतील वस्तूंऐवजी रोख रक्कम बँक खात्यात देण्याचे ठरले. शिलाई यंत्रे, सायकली, फवारणी पंप यांच्या घाऊक खरेदीला व तिच्याभोवतीच्या तक्रारींना यामुळे बराच आळा बसला. आता लाभार्थ्याने वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, पावती पंचायत समितीत द्यायची आणि पडताळणीनंतर रक्कम खात्यात येण्याची वाट पाहायची असते. ज्या शेतमजूर स्त्रीजवळ यंत्राची किंमत नसते, तिला ती मधल्या काळासाठी दुकानदाराकडून उधारीने किंवा सावकाराकडून व्याजाने घ्यावी लागते.