हॅण्डलाची पाचर

सायकलीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे चाकांपासून आणि रबरी धांवांपासून आरंभ करावयाचा, अशी रीत पडून गेली आहे. मी आज हॅण्डलाच्या दांड्यांत दडलेल्या एका लहानशा लोखंडी पाचरीविषयीं बोलणार आहें. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु वयाच्या चौदाव्या वर्षीं पुण्यांत एका उतारावर मीं हॅण्डल वळविलें आणि चाक मात्र वळलें नाहीं, तेव्हांपासून मला तो क्षुल्लक वाटलेला नाहीं.

१८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल ड्राइस यांनीं लांकडी दुचाकी चालविली. तिला पायडल नव्हतें. पाय जमिनीस रेटून ती पुढें जाई. परंतु पुढील चाक वळविण्याची सोय होती, आणि दोन चाकांवर तोल राहतो तो मुख्यत्वें या वळविण्यानेंच. पुढें १८७० नंतरच्या दशकांत उंच चाकाची सायकल आली. तींत चाकाचा आकारच स्वाराच्या पायाच्या लांबीवरून ठरे. हॅण्डल चिमट्याच्या माथ्याशीं पक्कें जडविलेलें असे, आणि तें वर-खालीं करण्याचें कारणच पडत नसे.

कारण पडलें तें १८८५ सालीं. कव्हेण्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनीं ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं, आणि गति साखळीनें मागच्या चाकास. आतां एकाच सांगाड्यावर उंच मनुष्यही बसूं लागला आणि ठेंगणाही. तेव्हां बैठक आणि हॅण्डल हीं दोन्ही हवीं तशीं सरकवितां आलीं पाहिजेत, आणि एकदां बसविल्यावर तसूभरही हलतां कामा नयेत, अशी परस्परविरुद्ध मागणी कारागिरापुढें उभी राहिली.

तिला उत्तर मिळालें तें सुताराच्या पाचरीचेंच. हॅण्डलाचा दांडा पोकळ; त्याचें खालचें टोंक तिरपें कापलेलें; त्यास टेकून तशीच तिरपी पाचर; आणि दोहोंतून जाणारा एक लांब बोल्ट. वरून बोल्ट आवळला कीं पाचर वर ओढली जाते, बाजूस सरकते, आणि चिमट्याच्या नळीस आंतून दाबून धरते. कित्येक सायकलींत पाचरीऐवजीं शंकूच्या आकाराचा तुकडा असे, तत्त्व तेंच. सारी पकड घर्षणाची, खिळा एकही नाहीं.

या योजनेची एक खोड आहे. बोल्ट सैल केला म्हणून पाचर आपण होऊन सुटत नाहीं. तीन-चार फेरे सैल करून बोल्टाच्या डोक्यावर लांकडी ठोकळा ठेवावा आणि एक ठोका द्यावा, म्हणजे ती खालीं उतरते. हें ठाऊक नसलेला मनुष्य हॅण्डल पिळीत बसतो. माझा अपराध निराळा होता. तासाच्या भाड्यानें आणलेल्या त्या सायकलीचा दांडा उंचीसाठीं फार वर ओढलेला होता. चिमट्याच्या नळीवर वरच्या अंगास आटे पाडलेले असतात व तेथें तिची भिंत पातळ असते. पाचर नेमकी तेथें येऊन बसली होती. ती घसरली. मग मीं पान्याला लोखंडी नळी अडकवून बोल्ट असा आवळला कीं, शेवटीं आटे जाऊन तो नुसताच फिरूं लागला. अशानें नळी फुगते, पुढें तडकते. दांड्यावर एक रेघ कोरलेली असते. तेथपर्यंतचा भाग आंत गेलाच पाहिजे. ती रेघ मला कोणी दाखविली नव्हती.

मापांचाही घोळ थोडा नाहीं. साधारण दांडा २२.२ मिलिमीटर जाडीचा, जुन्या फ्रेंच सायकलींचा २२.०; हा फरक ठोकून मिटवूं जाल तर नळी वाया जाते. हातांत धरावयाची आडवी दांडी मध्यभागीं कोठें २५.४, कोठें २६.०, तर मिलानच्या चिनेल्लींच्या जुन्या दांड्या २६.४ मिलिमीटरच्या. बारीक दांडी मोठ्या कड्यांत कितीही आवळली तरी खड्ड्यांत फिरते. जाड दांडी लहान कड्यांत कोंबली तर ती खरवडते, आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा ओरखडा म्हणजे उद्यांची चीर. जुने कारागीर यावर मोठी सुंदर युक्ति योजीत. कड्याचा बोल्ट काढून आट्यांच्या बाजूनें उलटा घालावयाचा, फटींत एक नाणें धरावयाचें, आणि बोल्टाचें टोंक त्या नाण्यावर टेकवून फिरवावयाचें. कडें किंचित् उमलतें व दांडी अलगद सरकते.

१९९० नंतरच्या दशकांत रूढ झालेल्या रचनेनें पाचर काढूनच टाकली. आतां हॅण्डलाचा धारक नळीस बाहेरून कवटाळतो आणि बाजूचे बोल्ट त्यास आवळतात. माथ्यावरील टोपीचा बोल्ट दिसतो मानाचा, पण त्याचें काम छऱ्यांतील ढिलाई काढण्यापुरतें. तें आधीं करावयाचें आणि मग बाजूचे बोल्ट आवळावयाचे. कार्बनच्या नळीस तर किती जोर लावावा याचा आंकडाच धारकावर छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो मोजणारा पाना मिळतो.

एवढी साधनें असूनही २००६ सालच्या पॅरिस-रूबे शर्यतींत, दगडी फरसबंदीवर, अमेरिकन स्वार जॉर्ज हिंकापी याच्या चिमट्याची नळीच तुटली. हॅण्डल हातांत सुटून आलें आणि तो खांदा दुखावून रस्त्याच्या कडेस पडला.

माझा नातू परवां टोपीचाच बोल्ट जोर लावून आवळीत होता. मीं त्याचा हात धरला. पुढचें चाक दोन्ही गुडघ्यांत पकडून हॅण्डल वळवून पाहिलें, तें किंचित् हललें. मग आम्हीं दोघांनीं मिळून बाजूचे बोल्ट सोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.