विमानातून दिसलेली जमीन

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे भुईमूग निघतो. लहानपणी सहामाही परीक्षा संपली की आम्हां मुलांची रवानगी शेतावर होई. वेल उपटावयाचे बायकांनी आणि शेंगा तोडावयाच्या आम्ही, अशी वाटणी असे. वेल केव्हा उपटावयाचे हे मात्र आजी ठरवी. बांधावर बसून ती मूठभर माती उचले, दाबून पाही आणि म्हणे, "आजच काढा रे. उद्या भुई आवळली म्हणजे वेल हाती येईल नि शेंग खाली राहील." एका वर्षी मजूर मिळेनात म्हणून काका चार दिवस थांबले. ऊन तापले होते. वेल ओढला की आऱ्या तटातट तुटत आणि शेंगा जमिनीतच राहत. त्या वर्षी आमचे निम्मे पीक कुदळीने उकरून काढावे लागले.

ही जुनी आठवण आज काढण्याचे कारण असे की माझा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यात निरोप घ्यावयास आला होता. शेतीची यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे आणि कंपनी त्याला टांझानियाला पाठवीत आहे. पोरगा मोठ्या उमेदीत होता. "गुरुजी, तिकडे जमीन नुसती पडून आहे. यंत्र नाही, पाणी नाही. आपण नेले की सोने पिकेल," असे तो म्हणाला. मी इतिहासकार नव्हे. मुलांना शिकवणारा आणि सवडीने कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. परंतु त्याचे हे वाक्य मी पूर्वी कोठेतरी वाचले होते. कोठे ते आठवताच मी त्याला बसवून घेतले आणि टांगानिकातील भुईमुगाची हकीकत सांगितली. तीच येथे सांगतो.

टांगानिका म्हणजे आजच्या टांझानियाचा खंडावरील भाग. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तेथे इंग्रजांचा अंमल होता आणि खुद्द विलायतेत तेला-तुपाची चणचण होती. 1946 च्या मार्चमध्ये फ्रँक सॅम्युअल नावाचे गृहस्थ टांगानिकात गेले. युनिलिव्हरच्या पोटातील युनायटेड आफ्रिका कंपनीचे ते व्यवस्थापक. मैलोगणती पसरलेले मोकळे रान पाहून येथे यंत्राने भुईमूग पिकवावा, असे त्यांच्या मनाने घेतले. लंडनच्या मजूर सरकारला ही कल्पना पसंत पडली. वेकफील्ड नावाच्या शेतीतज्ज्ञाच्या हाताखाली तिघांचे मंडळ पाहणीस गेले. त्यांनी नऊ आठवडे पाहणी केली आणि त्यातही बराचसा मुलूख विमानातून पाहिला. अहवाल झाला तो असा : प्रत्येकी 30,000 एकरांची 107 शेते, म्हणजे एकंदर 32 लाख 10 हजार एकर, खर्च सुमारे अडीच कोटी पौंड. आधी थोड्या जमिनीवर दोन-चार हंगाम पेरून पाहावे, एवढीही सवड कोणाला नव्हती.

हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. अन्नमंत्री जॉन स्ट्रेची हे समाजवादी होते. विलायतेला तेल मिळेल आणि आफ्रिकेलाही नव्या शेतीचा लाभ होईल, असे त्यांना खरोखरच वाटत होते. सैन्यातून सुटलेले कितीतरी लोक उत्साहाने तिकडे गेले.

त्यांनी आरंभ केला तो कोंग्वा या ठिकाणी. हा गोगो लोकांचा मुलूख. गोगो गुरे पाळतात आणि ज्वारी-बाजरीसारखे धान्य घेतात. दुष्काळ त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. जे रान वरून मोकळे दिसले होते, ते पाण्याच्या टंचाईमुळे मोकळे होते. परंतु हे विमानातून दिसत नाही.

खाली उतरल्यावर दिसले ते काटेरी झुडपांचे जंगल आणि त्यात उभे गोरखचिंचेचे अजस्र वृक्ष. आपल्याकडेही कोठे कोठे गोरखचिंच आहे आणि तिचे मूळ आफ्रिकेतच सांगतात. तिचे खोड ज्याने पाहिले असेल त्याला ती उपटणे म्हणजे काय हे सांगावयास नको. नवे ट्रॅक्टर मिळेनात, म्हणून फिलिपाईन्समध्ये सैन्याने टाकून दिलेले गंजके ट्रॅक्टर आणले. त्यांतले बहुतेक थोड्याच महिन्यांत बंद पडले. मग शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर बनवून आणले. दोन यंत्रांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून झुडपे ओढून काढण्याची युक्ती निघाली. साखळ्यांची मागणी लंडनला पोचली तेव्हा तेथल्या लोकांना ती थट्टाच वाटली म्हणतात! झुडपे पडली, तरी मुळ्या जमिनीत राहिल्या आणि त्यांनी नांगरांचे फाळ मोडले. जे मोडले नाहीत ते रेताड मातीने झिजवले.

आणि मग निघाली खरी गोष्ट. कोंग्वाची लाल माती चिकण होती. पावसात ती मऊ असे. पाऊस सरून ऊन पडले की सिमेंटसारखी घट्ट होई. भुईमुगाची शेंग तर जमिनीखाली धरते. पीक काढावयाची वेळ आली तेव्हा शेंगा त्या मातीत जणू चिणल्या गेल्या. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजी आली. जे तिला मूठभर मातीवरून कळत होते, ते कोट्यवधी पौंड खर्चणाऱ्यांना पीक हातचे गेल्यावर कळले. 1948 मध्ये हे काम कंपनीकडून सरकारी महामंडळाकडे गेले, परंतु माती तीच राहिली. 1949 साली पावसानेही दगा दिला. पेरणीसाठी जेवढे बी आणले तेवढीदेखील शेंग हाती आली नाही, असे लोक म्हणू लागले. दक्षिणेकडे म्ट्वारा येथे शेंगा न्यावयासाठी बंदर आणि रेल्वे बांधली. पण न्यावयाला शेंगाच नव्हत्या. अखेर 1951 च्या जानेवारीत सरकारने योजना गुंडाळली. सुमारे 3 कोटी 60 लाख पौंड बुडीत खात्यात गेले.

यावरून कोणी म्हणेल की आफ्रिकेत भुईमूग होत नाही. तर त्याच काळी खंडाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते ते पाहा. नायजेरियातील कानो शहराला 1912 च्या सुमारास रेल्वे पोचली तेव्हा तेथल्या शेतकऱ्यांनी कापूस पिकवावा अशी इंग्रजांची इच्छा होती. शेतकऱ्यांनी स्वतः हिशेब केला. कापसापेक्षा शेंग परवडते, भाव पडला तर निदान घरी खाता तरी येते! हौसा व्यापारी गावोगाव फिरून माल गोळा करू लागले आणि साध्या हातकुदळीच्या शेतीतून कानोच्या बाहेर शेंगदाण्यांच्या पोत्यांचे मनोरे उभे राहिले. कोंग्वाला रणगाडे झुडपांशी झुंजत होते त्या वर्षांत कानोचे दाणे रेल्वेच्या डब्यांची वाट पाहत पडून होते. गंमत अशी की तेथे दाणे खरेदी करणाऱ्यांत सॅम्युअलसाहेबांची कंपनीही होती. थोडे डबे आणि इंजिने तिकडे धाडली असती तर विलायतेची पुष्कळशी गरज भागली असती.

मग यंत्र नेऊच नये काय? तसेही नाही. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ते पहिले नांगर विकावयास त्यांना दोन वर्षे लागली. पण ज्याला विकावयाचे तो माणूस शेजारी होता. नांगर नीट चालला नाही तर तो येऊन तोंडावर सांगू शकत होता. गोगो शेतकऱ्याला कोंग्वात असे सांगण्याची जागाच नव्हती. त्याला कोणी गिऱ्हाईक समजले नाही. त्याला समजले ते मजूर.

आज त्या खुर्चीत आपण बसू लागलो आहोत, म्हणून ही हकीकत मला महत्त्वाची वाटते. पुण्याचे पंप, जळगावचे ठिबक, आपले ट्रॅक्टर आफ्रिकेत जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. आफ्रिकेतील अन्नाचा व्यापार 2030 पर्यंत लाख कोटी डॉलरांवर जाऊ शकेल, असे जागतिक बँकेने 2013 मध्ये म्हटले. पण त्याच सुमारास बंगळूरच्या करुतुरी कंपनीने इथिओपियाच्या गांबेला प्रांतात लाख हेक्टर जमीन नाममात्र खंडाने घेतली होती. 2011 मध्ये बारो नदीच्या पुराने पीक बुडाले. पूर त्या सखल प्रदेशाला नवा नाही. जी जमीन रिकामी म्हणून दिली, तीवर आपल्या पिढ्या चरल्या आणि पेरल्या, असे तेथले लोक सांगत होते. 2015 च्या अखेरीस सरकारने करार मोडला. साहेबाच्या चुका करावयास साहेबच असावे लागते असे नाही.

उलट नायजेरियात 2014 पासून हॅलो ट्रॅक्टर या मंडळींनी वेगळी वाट धरली. गावातल्या एकाचा ट्रॅक्टर, आणि ज्याला दोन एकर नांगरावयाचे त्याने फोनवरून तो भाड्याने मागवावयाचा. त्यांत जमीन कोणाची जात नाही. आपल्याकडे बैलजोडी नसलेला शेजाऱ्याचे औत भाड्याने लावतो, त्यातलाच हा प्रकार.

माझा विद्यार्थी हे सारे मुकाट्याने ऐकत होता. थोडा हिरमुसलाही असावा. शेवटी म्हणाला, "मग मी काय करू, गुरुजी? नोकरी तर करायची आहे."

मी म्हटले, "नोकरी कर. यंत्रही विक. पण विकण्याआधी एक पावसाळा तिथल्या लोकांना विचारीत हिंड. जमीन पडून दिसली तर का पडून आहे ते विचार. बायकांना आधी विचार."

"भाषा कुठली बोलतात?"

"स्वाहिली. मला दोनच शब्द येतात. माती म्हणजे उदोंगो, पाऊस म्हणजे म्वुआ."

त्याने खिशातून डायरी काढली आणि शाळेत लिही तसे, दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून घेतले.