ऑफिसला जायचा रस्ता कोणाचा?

ब्रिटनमध्ये गाडीचा विमा काढताना एक प्रश्न हमखास येतो, जो भारतात खासगी गाडीच्या विम्यात येत नाही. गाडी कशासाठी वापरणार? पर्याय साधारण तीन. पहिला 'सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर'. म्हणजे बाजारहाट, मुलांची शाळा, मित्रांकडे जाणं, सुट्टीत समुद्रकिनारा. दुसरा पर्याय म्हणजे हे सगळं, अधिक 'कम्युटिंग': घरातून कामाच्या ठरलेल्या ठिकाणी जाणं आणि परत येणं. तिसरा 'बिझनेस'.

कोविडनंतर इथल्या आम्हा आयटीवाल्यांच्या गप्पांत हा दुसरा पर्याय वारंवार येतो. विम्याचं नूतनीकरण जवळ आलं की कोणीतरी विचारतंच. "आठवड्यातून एकदा ऑफिसला जातो, तेही बहुतेक वेळा ट्रेननं. कम्युटिंग ठेवू की काढू?" उत्तरं अंदाजपंचे मिळतात. मला मात्र वेगळंच कुतूहल होतं. ऑफिसला जाणं ही विमा कंपनीच्या लेखी वेगळी जात कधीपासून झाली? शोधत गेल्यावर लक्षात आलं की यामागे शंभर वर्षांचा एक वाद आहे. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंतचा रस्ता नेमका कोणाचा? आपला, की ज्याच्यासाठी आपण राबतो त्याचा?

पासवाले

'कम्यूट' हा शब्द मुळात रेल्वेचा, आणि अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रेल्वे कंपन्यांनी रोजच्या प्रवाशांसाठी 'कम्युटेशन तिकीट' काढलं. अनेक वेळचं भाडं एकरकमी, सवलतीत भरायचं. हे तिकीट घेणारा तो कम्युटर. थोडक्यात, आपला पासवाला. मराठीत या क्रियेला 'अपडाऊन करणे' म्हणतात, आणि तो शब्दही रेल्वेच्याच अप आणि डाऊन मार्गांवरून आला.

हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण पासवाल्याला स्वतःच्या वाहनाची काळजी नसते. गाडी रेल्वेची, ड्रायव्हर रेल्वेचा. नोकरदार माणूस स्वतःची मोटार घेऊन निघाला, तेव्हा अपडाऊनची जोखीमही त्याच्या अंगावर आली. मग ती कोणाच्या खात्यात टाकायची, हा प्रश्न उभा राहिला.

ना मालकाचा, ना सरकारचा

ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, या प्रश्नाची दोन बाजूंनी उत्तरं दिली. तीही अवघ्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने.

पहिला खटला सेंट हेलेन्स कोलियरी विरुद्ध ह्युइटसन. निकाल 1924 सालच्या विधी-अहवालात आहे. खाणीतल्या मजुरांना ने-आण करायला खास गाडी होती. त्या गाडीतून जाताना एक मजूर जखमी झाला. गाडी खाणीच्या व्यवस्थेतली, प्रवास खाणीसाठी. तरी नुकसानभरपाई नाकारली गेली. कारण काय, तर त्या गाडीनेच ये-जा करण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. त्यामुळे तो वाटेत असताना 'कामावर' नव्हता.

दुसरा खटला रिकेट्स विरुद्ध कोल्क्युहून, 1926 सालच्या अहवालातला. रिकेट्स हे लंडनमधले बॅरिस्टर आणि पोर्टस्मथला अर्धवेळ न्यायाधीश. त्यांनी लंडन-पोर्टस्मथ प्रवासखर्च आयकरातून वजा मागितला. उत्तर नकारार्थी आलं. तुम्ही लंडनला राहता ती तुमची निवड. पद पोर्टस्मथचं आहे. तिथे पोहोचण्यापूर्वीचा प्रवास हा पदाच्या कामाचा भाग नाही.

म्हणजे भरपाईच्या वेळी आणि कराच्या वेळी एकच सूर: ऑफिसचा रस्ता तुमचा खासगी मामला. ब्रिटनचं करखातं आजही घर ते कायमचं कार्यस्थळ या प्रवासाला करसवलत देत नाही.

आता विमा कंपनीकडे या. तो रस्ता खासगी असेल, तर तो 'सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर'मध्ये बसायला हवा. तर तिथे तो बसत नाही! तिथे आपल्याला सांगितलं जातं की कामावर जाणं हे खासगी नव्हे, त्यासाठी वेगळी खूण करा.

सात हजार मृत्यू आणि एक कायदा

ब्रिटनमध्ये मोटारीचा तृतीय-पक्ष विमा सक्तीचा झाला तो 1930 च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने, 1 जानेवारी 1931 पासून. त्या काळी तिथल्या रस्त्यांवर वर्षाला सात हजारांहून जास्त माणसं मरत होती, आणि ठोकर देणाऱ्याकडे भरपाई द्यायला पैसे नसतील तर पीडितांच्या हाती काही लागत नव्हतं.

सक्ती आली, पण विमा कोणत्या वापरासाठी हे पॉलिसीच्या मजकुरावर राहिलं. 1934 च्या दुरुस्तीने कंपन्यांच्या काही पळवाटा बुजवल्या. चालकाचं वय, गाडीची अवस्था, गाडीतली माणसं, वापराची वेळ किंवा परिसर अशी कारणं पुढे करून जखमी माणसाचा दावा टाळता येणार नाही, अशी यादीच कायद्यात आली. ती आजच्या 1988 च्या कायद्यातही आहे. या यादीत 'केव्हा' आहे, 'कुठे' आहे. 'कशासाठी' नाही. वापराचा हेतू कंपनीच्या हातातलं हत्यार म्हणून शिल्लक राहिला.

तरीही जखमी माणूस वाऱ्यावर राहू नये म्हणून 1946 मध्ये मोटर इन्शुरर्स ब्युरो स्थापन झाला. विमा नसलेल्या गाडीने ठोकरलं तर भरपाईची सोय तो करतो. पण तो पैसा नंतर चालकाकडून वसूल होऊ शकतो.

सुरुवातीला हे फारसं टोचलं नसावं. 1951 मध्ये ब्रिटनमधल्या फक्त 14 टक्के घरांकडे मोटार होती. जुन्या पॉलिसींच्या एका प्रचलित वर्गात घरगुती वापर आणि मालकाचा स्वतःचा कामधंदा एकत्रच असे. 1971 पर्यंत मोटार असलेली घरं 52 टक्क्यांवर गेली. सकाळी आठला शहराच्या तोंडाशी रांगा लागू लागल्या, आणि रोज त्या रांगेत उभा राहणारा आणि रविवारी चर्चला जाणारा यांना एका भावात विमा देणं कंपन्यांना परवडेना.

दातदुखी कोणत्या रकान्यात?

एका फेरीत दोन कामं असतील तर? 1978 चा सेडन विरुद्ध बिनियन्स हा खटला याचं उत्तर देतो. मुलाच्या कार्पेट बसवण्याच्या धंद्यात वडील मदत करत होते. तिथल्या एका कामगाराचा दात दुखू लागला. त्याला घरी सोडायचं आणि आपणही जेवायला घरी जायचं, म्हणून वडील गाडी घेऊन निघाले, आणि अपघात झाला. हा प्रवास घरगुती की धंद्याचा?

अपील न्यायालय म्हणालं, प्रवासाचं मूळ स्वरूप बघा. कामगाराला सोडणं हा धंद्याचाच भाग होता. जेवण ही सोबतची गोष्ट. म्हणून विमा लागू नाही. 'मूळ स्वरूप' ही कसोटी पुढेही वापरली गेली.

आजच्या पॉलिसीतले बारकावे याच मुशीतले आहेत. गाडी स्टेशनवर लावून पुढे ट्रेननं ऑफिसला जाणं हेही बऱ्याच कंपन्यांच्या लेखी कम्युटिंगच. जोडीदाराला त्याच्या ऑफिसात सोडणं काहींच्या मते कम्युटिंग, काहींच्या मते नाही. आणि आज या क्लायंटकडे, उद्या त्या क्लायंटकडे जात असाल, तर ते बिझनेस. ऑनसाइट आलेल्या मंडळींनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

आपल्याकडची यादी उलटी

भारतातली सक्ती 1939 च्या मोटार वाहन कायद्यातून आली, आणि त्यातला विम्याचा भाग ब्रिटिश कायद्याच्या वळणाचाच आहे. पण खासगी गाडीची आपली प्रमाणित पॉलिसी उलट्या बाजूने लिहिलेली आहे. भाड्याने देणं, मालवाहतूक, शर्यती, मोटारींचा व्यापार असे काही वापर सोडून 'कोणत्याही कामासाठी' गाडी वापरा. आमच्या भाषेत सांगायचं तर भारतीय पॉलिसी ब्लॅकलिस्ट आहे आणि ब्रिटिश पॉलिसी व्हाइटलिस्ट. हिंजवडीच्या कोंडीत रोज दोन तास अडकणाऱ्याने कम्युटिंगची खूण कधी केलेली नसते, कारण ती करायचा रकानाच नसतो. मग तो इथे येतो आणि त्याच सवयीने पहिला, बहुधा स्वस्त दिसणारा पर्याय निवडतो.

पण रस्ता कोणाचा, हा वाद आपल्याकडेही चुकला नाही. सायकलवरून कारखान्याकडे निघालेल्या एका कामगाराला कारखान्यापासून साधारण किलोमीटरभर अलीकडे लॉरीने धडक दिली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला राज्य विमा योजनेचा लाभ नाकारला: हा अपघात नोकरीतला नाही. 2010 मध्ये संसदेने त्या कायद्यात कलम 51-ई घातलं आणि घर ते कामाचं ठिकाण हा प्रवास, नोकरीशी त्याचा संबंध दिसत असेल तर, नोकरीतच धरला.

आणि मग उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा रखवालदार. पाळी पहाटे तीनची. 22 एप्रिल 2003 रोजी मोटारसायकलवरून कामावर जाताना, कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना तो अपघातात गेला. भरपाई मंजूर झाली, विमा कंपनी अपिलात गेली, 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. पहाटे तीनला हजर राहायचं तर त्याआधी घराबाहेर पडावंच लागतं. वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध उघड आहे. पण हे मान्य व्हायला त्याच्या कुटुंबाची 22 वर्षं गेली.

तर ठेवायचं की काढायचं?

23 मार्च 2020 ला ब्रिटनमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा विमा कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केलं की कोविडमुळे गाडीने कामावर जावं लागत असेल, तर पॉलिसीत कम्युटिंग नसलं तरी चालेल, कळवायचीही गरज नाही. ही सवलत काही काळ वाढली आणि मग संपली. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या 31.2 टक्के नोकरदारांनी मुख्यतः घरूनच काम करत असल्याचं सांगितलं. म्हणजे रकाना तोच राहिला आणि त्यात बसणारी माणसं मात्र बदलली.

कम्युटिंग काढल्याने पैसे वाचतीलच असं नाही. कंपनीचं गणित तुमचा रस्ता मोजत नाही. तीच खूण करणाऱ्यांचा पूर्वीचा इतिहास मोजतं. हप्ता कधी थोडा कमी होतो, कधी तसाच राहतो, कधी चक्क वाढतो. म्हणून दोन्ही पर्याय टाकून आकडे बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या पारड्यात बरंच काही आहे. पॉलिसीत न बसणाऱ्या कामासाठी गाडी चालवणं म्हणजे विनाविमा चालवणं. 300 पौंड दंड आणि परवान्यावर 6 पेनल्टी पॉइंट, प्रकरण कोर्टात गेलं तर जास्त. आता यात आपला हिशोब घाला. भारतीय परवान्यावर इथे 12 महिने गाडी चालवता येते, नंतर परीक्षा द्यावी लागते. परीक्षा पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत 6 पॉइंट झाले तर परवानाच रद्द होतो, आणि पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात.

माहिती देताना हयगय झाली तर काय, यावर 2012 चा एक ग्राहक-कायदा आहे. हयगय अजाणता असेल तर कंपनी दाव्याची रक्कम प्रमाणात कापू शकते. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर पॉलिसीच रद्दबातल ठरवू शकते. 'महिन्यातून एकदाच तर जातो' ही सबब आहे, तिसरा पर्याय नव्हे.

माझ्या मते हिशोब सोपा आहे. वर्षात एकदाही गाडीने ऑफिसला किंवा ऑफिससाठी स्टेशनला जाणार असाल, तर ठेवा. खरंच कधीच जाणार नसाल, तर काढा. आणि 'सोमवारपासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिस' असा ईमेल आला, तर किल्ली उचलण्याआधी विमा कंपनीला फोन करा. त्या ईमेलमध्ये विम्याच्या वाढीव हप्त्याचा उल्लेख नसेल. शंभर वर्षांपूर्वी खाणमालकाच्या हिशोबातही मजुराच्या वाटेचा खर्च नव्हताच.